वानरांचा दिवस आणि 'सत्तांतर'

१

व्यंकटेश माडगूळकर यांची 'सत्तांतर' ही लहानशी कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वानरांच्या टोळीचे जीवन हाच जिचा संपूर्ण विषय आहे अशा कृतीस हा मान मिळावा, ही मराठी कादंबरीच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय. तथापि या कृतीचे वाचन बहुधा दोन ठराविक वाटांनी होते. एका वाटेने जाणारा वाचक तीत माणसाच्या राजकारणाचे रूपक शोधतो. दुसऱ्या वाटेने जाणारा तिला निसर्गाची अस्सल नोंद मानतो आणि तिच्या खरेपणाची वाखाणणी करून थांबतो. पहिल्या वाचनात वानर नाहीसा होतो. दुसऱ्या वाचनात लेखक नाहीसा होतो. कादंबरीचे नावच जो प्रश्न उभा करते, तो मात्र दोहोंतही अस्पर्शित राहतो. वानरांच्या टोळीत जे घडते त्यास 'सत्ता' हा शब्द कितपत लागू पडतो, आणि तो लावल्याने त्यांच्या जीवनाचा कोणता भाग दिसतो व कोणता झाकला जातो, हा तो प्रश्न होय.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे: वानराची बुद्धी त्याच्या दिवसात असते. एखाद्या थरारक घटनेत किंवा माणसाने रचलेल्या परीक्षेत तिचे काही अंश प्रकट होतात. परंतु तिचे मुख्य कार्य खाणे, विसावणे, अंग निवडणे, पिलू सांभाळणे, वाट ठरविणे अशा नित्यक्रमात चालते. 'सत्तांतर'ने मराठी गद्यास वानर हा वानर म्हणून पाहावयास शिकविले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण तिची नजर घटनेवर खिळलेली आहे, आणि दिवसाचे लेखन मराठीत अद्याप व्हावयाचे आहे. हा मुद्दा केवळ कलाविचाराचा नाही. इगतपुरीच्या घाटात आज जी माकडे रस्त्याच्या कडेला बसलेली दिसतात, त्यांच्याविषयी समाज कोणता निवाडा देतो हेही या शब्दांवरच अवलंबून आहे.

२

मराठीत 'वानर' आणि 'माकड' हे दोन शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात. परंतु जेथे हे दोन्ही प्राणी नित्य दृष्टीस पडतात तेथील माणसे त्यांची गल्लत करीत नाहीत. वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा, लांब शेपटीचा प्राणी. ग्रंथांतून त्यास हनुमान लंगूर म्हणतात आणि त्याच्या जाणत्या नरास बोलीत हुप्प्या हे नाव आहे. माकड हा त्याहून आटोपशीर बांध्याचा, तपकिरी अंगाचा प्राणी. त्याच्या गालांत पिशव्या असतात आणि घाईने मिळविलेले अन्न तो त्यांत भरून ठेवतो. वानरास अशा पिशव्या नसतात. त्याचे जठर मात्र अनेक कप्प्यांचे असते, आणि त्यात सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने पाने आंबविली जातात. गालात साठवणारा व पोटात आंबविणारा, असा हा भेद आहे. पुढे दिसेल त्याप्रमाणे दोघांचे दिवस आणि दोघांच्या बुद्धीचे विषय या भेदातूनच वेगळे होतात.

भाषेने मात्र दोघांना एकाच वर्गात बसविले आहे, आणि तो वर्ग माणसाच्या उपहासाचा आहे. माकडाच्या हाती कोलीत, माकडचाळे, मर्कटचेष्टा या शब्दप्रयोगांत प्राणी नसतोच. असतो तो अविचारी माणूस. कथावाङ्मयाची स्थिती याहून फार निराळी नाही. पंचतंत्रात पाचर उपटून जीव गमावणारा वानर आहे, तसाच आपले काळीज झाडावर ठेवल्याची थाप मारून मगरीच्या तावडीतून सुटणारा वानरही आहे. एक मूर्खपणाचा नमुना, दुसरा चातुर्याचा. दोघेही नीतिवचनाच्या सेवेस हजर असतात आणि वचन संपताच त्यांचे काम संपते. मारुतीच्या उपासनेमुळे वानरास गावोगाव अभय मिळाले, हे खरे. परंतु पूज्य मानलेल्या प्राण्याकडेही कोणी निरखून पाहतेच असे नाही.

या पार्श्वभूमीवर माडगूळकरांचे वेगळेपण ध्यानात येते. 'सत्तांतर'मधील वानर कोणतेही नीतिवचन सांगावयास आलेले नाहीत. ते माणसाची भाषा बोलत नाहीत. त्यांच्या टोळीस हद्द आहे, टोळीतील प्राण्यांना स्वतंत्र ओळख आहे, आणि त्यांच्या सुखदुःखाचा हिशेब त्यांच्याच जगात पुरा होतो. जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'मध्ये (१९४५) प्राणी हे मुखवटे आहेत, आणि ते मुखवटे आहेत हे वाचकास ठाऊक असणे हीच त्या कृतीची अट आहे. 'सत्तांतर'ला ती अट मान्य नाही. म्हणूनच तिचे केवळ रूपक म्हणून केलेले वाचन तिच्यावर अन्याय करते.

३

मग तिचे नाव 'सत्तांतर' का? १९७७ साली केंद्रात प्रथमच सत्ताधारी पक्ष बदलला आणि १९८० साली तो पुन्हा बदलला. कादंबरी निघाली तेव्हा हा शब्द वृत्तपत्रांतून घरोघरी पोचलेला होता. अशा शब्दास वानरांच्या टोळीवर आणून ठेवणे ही लेखकाची जाणीवपूर्वक केलेली निवड मानली पाहिजे. तिचा अर्थ नीट लावण्यासाठी मात्र वानरांच्या शास्त्रीय अभ्यासाकडे वळणे अवश्य आहे; कारण ज्या घटनेभोवती कादंबरी फिरते, त्या घटनेलाही शास्त्रात नाव शोधावे लागले होते आणि त्या नावावरून दीर्घ वाद झाला होता.

यूकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने १९६१ पासून धारवाडच्या जंगलात लंगुरांचा अभ्यास केला. धारवाड हे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात मोडत असे व मराठी वाचकास ते परके नाही. तेथील पुष्कळ टोळ्यांत एकच प्रौढ नर, अनेक माद्या व त्यांची पिले अशी रचना होती. उरलेले नर टोळीबाहेर स्वतंत्र जथ्याने हिंडत. अशा एका जथ्याने एका टोळीवर हल्ला केला, जुना नर हुसकला गेला, हल्लेखोरांपैकी एकच नर अखेर टोळीत टिकला, आणि त्यानंतर टोळीतील पिले मारली गेली. सुगियामा यांनी पुढे एका टोळीतील एकमेव नर मुद्दाम दूर करून पाहिला. तेथेही बाहेरून आलेल्या नराने पिलांवर हल्ले केले. १९६५ साली त्यांनी हे निष्कर्ष ज्या निबंधात मांडले, त्याच्या शीर्षकात 'सामाजिक परिवर्तन' या अर्थाचा शब्द आहे. सत्ता, बंड, विजय यांतील एकही शब्द त्या शीर्षकात नाही.

या निरीक्षणावर शंका घेणारे अभ्यासक होतेच. फिलिस जे या अमेरिकन संशोधिकेने १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशातील कौकोरी व मध्य भारतातील ओरछा येथे लंगूर पाहिले होते; तिला तेथे शांत, स्थिर टोळ्या आढळल्या. डॉल्हिनो या आडनावाने पुढे केलेल्या लेखनात तिने असे मत मांडले की, पिलांची हत्या हा गर्दी व मानवी उपद्रव यांतून उद्भवलेला विकार असावा. याउलट सेरा ब्लॅफर हर्डी हिने अबूच्या पहाडावरील अभ्यासातून (ग्रंथ १९७७) असा सिद्धांत मांडला की, दूध पाजणारी मादी पिलू गेल्यावर लवकर पुन्हा माजावर येते. नवा नर टोळीत अल्पकाळच टिकणार असल्याने त्या घाईत त्याचा प्रजननाचा लाभ आहे, आणि म्हणून हे वर्तन नैसर्गिक निवडीने टिकून राहिले आहे. पॉल न्यूटन याने १९८०नंतर कान्ह्याच्या निर्वेध जंगलातही हीच हत्या नोंदविली, तेव्हा गर्दीचे कारण पुष्कळसे लंगडे पडले. १९९९ साली नेपाळमधील रामनगर येथील अभ्यासात कॅरोला बोरिस व तिच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक द्रव्य तपासून दाखविले की, पिलांवर हल्ला करणारे नर त्या पिलांचे जनक नव्हते. वाद पूर्णतः संपला असे नाही; परंतु हर्डीची बाजू आता बळकट आहे.

हर्डीच्या लेखनात या घटनेस जो इंग्रजी शब्द आहे त्याचा अर्थ 'ताबा घेणे' असा होतो. माडगूळकरांचा 'सत्तांतर' हा शब्द सुगियामा यांच्या 'परिवर्तना'पेक्षा या 'ताब्या'च्या जवळ आहे. पण तो हुबेहूब तोच नाही, आणि येथे मराठी शब्दाची घडण उपयोगी पडते. स्थलांतर, भाषांतर, रूपांतर या शब्दांत 'अंतर' म्हणजे दुसरे, वेगळे. 'सत्ता' या शब्दाचा संस्कृतातील मूळ अर्थ असणे, अस्तित्व असा आहे; अधिकार हा अर्थ नंतरचा. टोळीतील नर बदलतो तेव्हा अधिकाराचा धनी बदलतो हे खरेच, पण माद्यांच्या आणि विशेषतः पिलांच्या दृष्टीने जे बदलते ते असणेच होय. शीर्षकाचा हा दुहेरी अर्थ लेखकास अभिप्रेत होता की नाही, हे ठरविण्याची गरज नाही. कादंबरी तो पेलू शकते, एवढे पुरेसे आहे. पिलांना मारणारा नर तीत खलपुरुष ठरत नाही आणि हुसकला गेलेला नर हुतात्मा ठरत नाही. निवाडा टाळण्याचा हा संयम शास्त्रज्ञाच्या संयमाशी नाते सांगतो, आणि हाच कादंबरीचा सर्वांत मोठा गुण आहे.

४

परंतु घटनेचा हा प्रभाव जितका मोठा, तितकी तिची छायाही मोठी पडते. ज्या टोळीत एकच नर असतो तेथे नराची बदली काही वर्षांतून एकदा होते. उरलेले सारे दिवस त्या घटनेविना जातात. त्या दिवसांचे स्वरूप काय?

वानरांची टोळी झाडावर रात्र काढते. सकाळी ती खाण्यास लागते. ऊन चढले की सावलीत विसावते. या विसाव्यात प्राणी एकमेकांचे अंग निवडीत बसतात व पिले खेळतात. दुपार कलल्यावर पुन्हा खाणे सुरू होते आणि सायंकाळी टोळी मुक्कामाच्या झाडांकडे वळते. हे वर्णन एकसुरी वाटते, पण त्याच्या प्रत्येक भागात निवड आहे. पाने सर्वत्र असली तरी सर्व पाने खाण्याजोगी नसतात. कोवळी पालवी पचण्यास सोपी आणि सत्त्वयुक्त. जून पानांत तंतू अधिक, काहींत विषारी द्रव्ये. कोणत्या झाडास केव्हा पालवी फुटते, पळस आणि सावर केव्हा फुलतात, कोणता उंबर कोठे पिकला आहे, हे टोळीस ठाऊक असावे लागते. आंबविणाऱ्या जठरास वेळ लागतो, म्हणून विसावा लांब असतो; आणि विसावा लांब असतो म्हणून एकमेकांकडे लक्ष देण्यास अवकाश मिळतो. अशा रीतीने वानराचे समाजजीवन त्याच्या जठराशी बांधलेले आहे.

या समाजजीवनाचा कणा माद्यांचा आहे. मादी सामान्यतः जन्मली त्याच टोळीत राहते. नर वाढीस लागले की बाहेर पडतात. नर येतात आणि जातात, परंतु आई, बहिणी, मावश्या, लेकी यांची साखळी टिकून राहते. काळसर रंगाचे पिलू जन्मले की पहिल्याच दिवसांत ते अनेक माद्यांच्या हातांतून फिरते. एखादी अननुभवी तरुण मादी ते उलटे धरते, आई ते परत घेते, पुन्हा दुसरी मागते. कोणाच्या हाती पिलू द्यावे आणि कोणाच्या हातून ते लगेच काढून घ्यावे हा निर्णय आईस वारंवार करावा लागतो. हर्डीच्या ग्रंथाचे अर्धे महत्त्व या बाजूस आहे. नव्या नरापुढे माद्या केवळ बळी ठरत नाहीत. वयस्क माद्या पिलाच्या रक्षणासाठी पुढे येतात, काही माद्या टोळीबाहेरील नरांशीही समागम करतात आणि त्यायोगे पितृत्वाचा प्रश्न धूसर होतो. यास डावपेच म्हणावयाचे की केवळ प्रवृत्ती, हा वेगळा वाद आहे. परंतु टोळीचा इतिहास माद्यांच्या बाजूने लिहिला तर त्यास 'सत्तांतर' हे नाव पुरणार नाही, एवढे निश्चित.

कादंबरीवर हा आक्षेप घ्यावा काय? कादंबरीस घटना लागते, आणि नित्यक्रमास घटना नसते, असा बचाव करता येईल. तो अंशतःच मान्य होण्याजोगा आहे. माडगूळकरांनीच 'बनगरवाडी'त (१९५५) सिद्ध करून दाखविले होते की, मेंढ्या, पाऊस, शाळा आणि दुष्काळ यांच्या संथ फेऱ्यांतून गावाचे जीवन उभे करता येते. तेथे कथानकाचा ताण अल्प आणि दिवसांचा भरणा मोठा आहे. माणसांच्या गावासाठी जी रीत त्यांनी सिद्ध केली, ती वानरांच्या टोळीसाठी त्यांनी पूर्णतः वापरली नाही. 'नागझिरा' या पुस्तकात त्यांनी अभयारण्यातील मुक्कामाच्या नोंदी केल्या आहेत. दिवस तेथे आहे, पण तो अनेक प्राण्यांत विभागलेला आहे. 'बनगरवाडी'ची रीत आणि 'सत्तांतर'चा विषय यांचा संयोग मात्र राहून गेला.

५

हा संयोग का महत्त्वाचा, हे समजण्यासाठी बुद्धीच्या अभ्यासाचा इतिहास पाहावा लागतो. त्या इतिहासात मध्यवर्ती स्थान लंगुरास नसून चिंपँझीस आहे, आणि मराठीत 'माकडाची हुशारी' मोजण्याचा नकळत वापरला जाणारा गजही चिंपँझीपासूनच आलेला आहे.

वोल्फगांग कोह्लर याने १९१३च्या अखेरीपासून टेनेरिफ बेटावरील केंद्रात पाळलेल्या चिंपँझींवर प्रयोग केले व १९१७ साली त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. उंच टांगलेले फळ, जवळपास पडलेल्या पेट्या व काठ्या, आणि विचारात पडलेला प्राणी, हे त्या प्रयोगांचे परिचित चित्र. सुलतान नावाच्या चिंपँझीने दोन पोकळ काठ्या एकमेकींत बसवून लांब काठी केली, ही त्यातील सर्वांत गाजलेली कृती. १९६० साली जेन गुडॉल गोंबे येथे गेली तेव्हा ते राखीव अरण्य होते. राष्ट्रीय उद्यान ते १९६८ साली झाले. तिने पाहिले की चिंपँझी गवताची काडी व पाने काढून टाकलेली डहाळी वारुळात घालून वाळवी बाहेर काढतात. हत्यार तयार करणारा एकमेव प्राणी ही माणसाची व्याख्या त्यामुळे ढासळली. तिने प्राण्यांना क्रमांक न देता नावे दिली, यास त्या काळी आक्षेप घेतला गेला. जपानी अभ्यासक मात्र आपल्या माकडांना आधीपासूनच नावांनी ओळखत होते. १९६०पासून सुरू झालेले गोंबेचे निरीक्षण २०२५ साली गुडॉलचे निधन झाले तेव्हाही चालूच होते. फ्लो नावाची मादी आपल्या पिलांना कशी वाढवते हे समजले ते वर्षानुवर्षे दिवस नोंदविल्यामुळे.

तिसरे स्थळ म्हणजे आफ्रिकेतील आश्रयस्थाने. शिकाऱ्यांनी आईस मारल्यावर पोरकी झालेली किंवा बेकायदा व्यापारातून सोडविलेली पिले तेथे सांभाळली जातात. झांबियातील चिमफुन्शी १९८३ साली, तर युगांडातील व्हिक्टोरिया सरोवरातील न्गांबा बेटावरील आश्रयस्थान १९९८ साली सुरू झाले. न्गांबाचे चिंपँझी दिवसा बेटावरील जंगलात हिंडतात आणि रात्री निवाऱ्यात परततात. हे जीवन पूर्ण रानटी नाही आणि पिंजऱ्यातलेही नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात न्गांबाच्या चिंपँझींपुढे अशी फळी ठेवली होती की दोरीची दोन्ही टोके एकाच वेळी ओढल्याखेरीज अन्न जवळ येऊ नये. दोन टोके एकट्याच्या हातात येण्याजोगी नसतील तेव्हाच ते शेजारचे दार उघडून सोबत्यास आत घेत; आणि अनुभवानंतर दोन सोबत्यांपैकी जो अधिक चांगला सहकारी, त्याचीच निवड करीत.

चिमफुन्शीची नोंद याहून साधी आणि म्हणूनच अधिक बोलकी आहे. २०१० साली तेथील जूली नावाच्या मादीने कानात गवताची काडी खोचून ठेवावयास आरंभ केला. त्याचा काही उपयोग दिसून आला नाही. तरीही तिच्या गटातील १२ पैकी ८ प्राण्यांनी ही रीत उचलली, आणि जूलीच्या मृत्यूनंतरही ती चालू राहिली. कोणत्याही परीक्षेत हा प्रश्न विचारला गेला नसता, कारण त्यास बक्षीस नाही. समाजातील एकाने केलेली निरुपयोगी गोष्ट दुसऱ्यांनी केवळ ती समाजात आहे म्हणून स्वीकारावी, ही संस्कृतीच्या मुळाशी असलेली क्षमता होय. आणि ती दिसली ती रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना.

या तीन स्थळांची तुलना केली असता असे दिसते की, परीक्षा 'हे त्याला जमते का' एवढेच सांगते. 'त्याला हे कशासाठी लागते' हे दिवसच सांगतो. न्गांबाच्या प्रयोगाचा अर्थ लागतो तो तेथील प्राणी परस्परांना वर्षानुवर्षे ओळखत असल्यामुळे. हा निष्कर्ष लंगुरास लावला म्हणजे त्याच्यावरील अन्याय ध्यानात येतो. लंगूर काडीने वाळवी काढीत नाही, कारण त्याचे अन्न वारुळात नसून पालवीत आहे. चिंपँझीचा गज घेऊन मोजल्यास तो मंद ठरतो. त्याच्याच दिवसात पाहिल्यास ऋतूंचे ज्ञान व नात्यांचे भान ही त्याच्या बुद्धीची दोन क्षेत्रे उघडी होतात. धारवाडचे सुगियामा १९७६पासून पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात बोसू येथे चिंपँझींच्या अभ्यासास लागले, जेथे हे प्राणी दगडाच्या ऐरणीवर ताडफळाच्या कठीण बिया फोडतात. लंगुराची टोळी आणि चिंपँझीचा दगड एकाच अभ्यासकाने सारख्याच चिकाटीने पाहिले, ही गोष्ट सूचक आहे. पाहण्याची रीत प्राणी बदलला म्हणून बदलावी लागली नाही.

६

एवढ्या विवेचनानंतर इगतपुरीकडे वळता येईल. कारण हा प्रश्न मराठी मुलखात जेथे दररोज उभा राहतो, अशा ठिकाणांपैकी ते एक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, थळ घाटाच्या शिरोभागी हे गाव आहे. १८६५ साली या घाटातून लोहमार्ग खुला झाला. ३७ फुटांस १ फूट असा त्याचा चढ आहे आणि तो चढण्यास गाडीस जादा इंजिने जोडावी लागत आली आहेत. शेजारून मुंबई-आग्रा मार्ग जातो. घाटात रस्त्याकडेला माकडे बसलेली असतात, आणि थांबणारा प्रवासी त्यांच्यापुढे केळे, बिस्किट, पोळी टाकतो. भूतदया, मारुतीवरील श्रद्धा आणि मुलांची करमणूक या तिन्ही हेतूंनी हे चालते.

या माकडांविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. 'किती हुशार' हे एक, आणि 'किती चोर' हे दुसरे. पंचतंत्रातील दोन वानर अजून घाटात उभे आहेत, असेच म्हणावे लागते. वस्तुतः जे दिसते ते एका विशिष्ट दिवसाचे फळ आहे. माकडाच्या गालपिशवीस घाईचे अन्न सोयीचे. रस्ता हे असे स्थान की जेथे थोड्या वेळात पुष्कळ पोषण मिळते. आणि ते देणारा प्राणी, म्हणजे माणूस, हावभावांस प्रतिसाद देतो. कर्नाटकातील बंदीपूर येथे अद्वैत देशपांडे, अनिंद्य सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले आहे की, तेथील टोपीमाकडे माणसाकडून अन्न मिळविण्यासाठी विशिष्ट साद घालतात व हात पुढे करतात, आणि हे करताना समोरच्या माणसाचे लक्ष कोठे आहे याकडे पाहतात. त्यास 'भीक' म्हणणे सोपे आहे. पण भिन्न जातीच्या प्राण्याचे मन आपल्याकडे वळविण्याची ही क्रिया, न्गांबाच्या दार उघडण्याइतकीच विचारार्ह आहे. मात्र तिची किंमत प्राण्यास वाहनांखाली सापडून, चावे काढून आणि मग पकडला जाऊन मोजावी लागते. हुशारीचे कौतुक करणारा आणि चोरीचा राग करणारा, दोघेही ही किंमत वाढवितात. पहिला अन्न टाकतो, दुसरा बंदोबस्त मागतो. अन्न न टाकणे हाच येथे आदराचा एकमेव व्यवहार्य प्रकार ठरतो.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा खुला झाला. त्यात सुमारे आठ किलोमीटरांचा जोडबोगदा आहे, आणि घाटातील वाहतुकीचा काही भाग आता डोंगराच्या पोटातून जातो. बोगद्यात कोणी केळी टाकीत नाही. रस्त्याकडील अन्नाचा ओघ बदलला असता कोणती टोळी रानाकडे वळते, कोणती गावाकडे सरकते, पिलांना जंगलातील फळांची ओळख करून देणाऱ्या वयस्क माद्या टोळीत उरल्या आहेत की नाहीत, हे पाहण्याची ही वेळ आहे. यासाठी पिंजरा किंवा काठीची परीक्षा लागत नाही. वही, संयम आणि काही वर्षे लागतात.

आणि शब्द लागतात. हे काम केवळ प्राणिशास्त्राचे नाही, असे म्हणावयाचे ते याचसाठी. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेत जंगलातील माणसांकडून शब्द गोळा केले आणि 'पक्षिकोश', 'प्राणिकोश' यांसारखी कोशरचना केली. २०२५ साली त्यांचे निधन झाले. इगतपुरी तालुक्यातील ठाकर व महादेव कोळी समाजांच्या बोलींत वानरांची साद, पिलाचे वय, टोळीतील नराचे स्थान, खाण्याजोगा पाला यांसाठी कोणते शब्द आहेत, याचा पद्धतशीर संग्रह करणे हे भाषाविभागांचे कर्तव्य ठरते. ज्या शब्दात निवाडा नाही आणि ओळख आहे, असा शब्द सापडणे म्हणजे निरीक्षणाचे एक साधनच हाती येणे होय. 'सत्ता', 'चोर', 'भिकारी' हे शब्द माणसाच्या व्यवहारातून उसने आणलेले आहेत. उसन्या शब्दांनी लिहिणे अटळ असले तरी, ते उसने आहेत याची जाणीव ठेवणे अटळ नाही. ती प्रयत्नाने ठेवावी लागते.

'सत्तांतर'चे अंतिम मूल्यमापन या दृष्टीने करावयास हवे. तिने मराठी वानरास नीतिकथेतून सोडविले आणि त्यास त्याच्या रानात परत नेऊन उभे केले. तिच्या शीर्षकाने मात्र त्याच्यावर माणसाच्या इतिहासाची मुद्रा उमटविली, आणि वाचकांनी कादंबरीपेक्षा मुद्रेचेच अधिक वाचन केले. पुढील लेखकाने तिची नक्कल करण्याचे कारण नाही. तिने जेथे टोळीस सोडले तेथून पुढे जावयाचे आहे: नवा नर स्थिरावला आहे, माद्यांनी पुन्हा पिले धरली आहेत, उंबर पिकला आहे, आणि सांगण्यासारखे काही घडलेले नाही. असा एक दिवस मराठीत नीट लिहिला गेला, तर वानरांच्या बुद्धीविषयी तो पुष्कळ परीक्षांहून अधिक सांगेल.